शिवदासचा रिपोर्ट

६ ऑगस्ट १९८४

आमच्या सोसायटीच्या टाकीत ई. कोलाय जंतू! लॅबमध्ये मीच प्लेट पाहिली – गुलाबी ठिपकेच ठिपके. म्हणजे पिण्याच्या पाण्यात संडासाचं पाणी मिसळतंय. सात मुलं जुलाबाने आडवी. सेक्रेटरी सामंतांना म्हटलं, पाईप तपासा. म्हणाले, आधी शिवदासला तपासू.

शिवदास पंप चालवतो, टाकी धुतो. नऊ वर्षं.

७ ऑगस्ट

जिन्यात शेजारच्या सुगंधाकाकू भेटल्या. "त्यांच्यात स्वच्छता कमीच गं." शिवदास बौद्ध आहे, तेच काकूंना खुपतंय. सरळ बोलायची हिंमत नाही!

९ ऑगस्ट

काल शिवदास मान खाली घालून शौचाच्या नमुन्याची डबी लॅबमध्ये देऊन गेला. आज रिपोर्ट – ई. कोलाय आहे. असणारच! प्रत्येकाच्या आतड्यात असतो. जन्मल्यावर दोन-चार दिवसांत मुक्कामाला येतो तो मरेपर्यंत. बहुतेक जाती निरुपद्रवी, उलट व्हिटॅमिन के बनवतात. पण हे सामंतांना कोण शिकवणार? संतापाने माझाही नमुना तपासणीला लावला.

१० ऑगस्ट

तेच ठिपके, तोच रंग.

११ ऑगस्ट

लॅबचा नियम मोडून दोन्ही प्लेटा सील करून मीटिंगला नेल्या. विचारलं, यातली शिवदासची कुठली आणि माझी कुठली? प्लेटा हातोहात फिरल्या. मग सामंत – "म्हणजे त्याच्यात सापडला, एवढं तर खरं ना?"

धन्य! त्याला कामावरून काढलं. तो कोपऱ्यात उभा होता, चकार शब्द बोलला नाही. आमचे हेसुद्धा गप्प. मी यांच्याशी बोलणं टाकलंय.

१६ ऑगस्ट

शिवदासला काढून पाच दिवस झाले. टाकीत जंतू आहेत तसेच! पाण्याचा नवा रिपोर्ट सामंतांच्या टेबलावर आपटून आले.

१८ ऑगस्ट

शेवटी प्लंबर आला. टाकीवरून जाणारा संडासाचा पाईप तडकलाय. आमच्याच घरातला! लाज वाटली, पण सामंतांना सुनावायचं सोडलं नाही. उद्या शिवदासला आणायला जाते.

१९ ऑगस्ट

नाहूरला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, नंदाने, चहा केला. पाईप सापडला म्हणून सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही.

"वहिनी, जूनमध्ये मी सांगितलं होतं ना तुम्हाला, तुमचा पाईप ठिबकतोय. मीटिंगमध्ये कसं बोलणार? एकट्या तुम्हीच माझ्या बाजूने होता."

सांगितलं होतं. दारात उभा राहून. यांच्या कानावर घालते, असं मी म्हणाले आणि मीच विसरले.