मिस्त्रीनं नेलेलं शटल

मंगळवार, संध्याकाळ

नमुना दाखवून नवं आणतो म्हणून युसूफ मिस्त्रीनं माझ्या शिलाई मशीनचं सुईखालचं शटल काढून नेलं, त्याला आठ दिवस झाले. तिथं आता नुसतं भोक. चूक माझीबी हाय. तेल संपलं म्हणून खोबरेल घातलं, ते थंडीत गोठलं आणि शटल झिजलं. "ताई, ही मशीन हाय का वेणी?" म्हणून हसला. पण दोरा तुटत का होईना, चालत तर होती की.

आज फोनवर म्हणतो, जुनी मशीन, माल कुटंच न्हाय. मग माझं शटल कुटाय? तर फोनच ठेवून दिला. मघाशी पुन्हा उघडून बघितलं, भोकच. एमआयडीसीतल्या कारखान्याचे टॉवेल शनिवारी येणार. कडा मारणारी दुसरी बाई त्यांना लगेच मिळंल, मला दुसरं काम कोण देणार? युसूफ, शुक्रवारपर्यंत शटल आण, न्हायतर हरवलं म्हणून तोंडावर येऊन सांग.