मशीन कोणी चालवली?

नागपूर,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय इंदू,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो. पापड पोचले, पण या खेपेला मीठ जास्त झालंय.

माझ्या गालाचं विचारलंस. वांगाचे डाग गेले, त्या जागी भाजल्याचे काळे चट्टे आले. लकडगंजच्या त्या स्किन क्लिनिकात लेझर मारताना मी "भाजतंय, भाजतंय" म्हणत होते, तरी मशीन थांबली नाही. क्लिनिकचे मालक डॉ. कृष्णकांत तेव्हा आपल्या दुसऱ्या दवाखान्यात. भिंतीवर त्यांची पदवी होती, फोटो होता, ते स्वतः नव्हते.

दवाखान्यांची तपासणी करतात त्या कार्यालयात मी तक्रार दिली. मशीन चालवणाऱ्या मुलीचं नाव त्यात घातलं नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

मग तपासणी झाली. तपासणी कसली, आगाऊ कळवून आलेले पाहुणे! फरशी चकाचक, कुंड्या नव्या, आणि कृष्णकांत साहेब सकाळपासून खुर्चीत. रोज पांढरा कोट घालून लेझर मारणारी पोर त्या दिवशी साध्या ड्रेसवर रिसेप्शनला बसवलेली. मलाही बोलावलं होतं. तपासणीच्या मॅडमनी विचारलं, "मशीन कोणी चालवली?"

माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टरनं."

खोटं नाही बोलले मी, इंदू. आपली दीक्षा लहानपणी बाहुल्यांना सुया टोचायची, तेव्हापासून घरात तिला कोणी नावानं हाक मारलीय का? तू, मी, तिचा मामा, सगळे डॉक्टरच म्हणतो. मी तुझ्या पोरीचंच नाव सांगितलं! मॅडमनी लिहून घेतलं, साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली. मी "तसं नाही हो" म्हणेपर्यंत चहा आला, सह्या झाल्या आणि मॅडम उठल्या. निकाल काय, तर उपचार डॉक्टरांनीच केले, तक्रारीत तथ्य नाही.

साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "बाई, बरं झालं सांभाळून घेतलं. नाही तर मला सांगावं लागलं असतं, पोरीनं माझ्या माघारी मशीनला हात लावला म्हणून." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला कोट यानं चढवायचा, मशीन यानं तिच्या हातात द्यायची, आणि अंगाशी आलं की पोरगी गुन्हेगार!

आणि तू फोनवर म्हणतेस, "ताई, तू वाचवलं वं तिले." कशाची वाचवली? दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा कोट घालून उभी. घरी बोलावून विचारलं तर रडायला लागली. "मावशी, मले भेव वाटून राहिलं वं. पण साहेब म्हणतात, तू शिकली आता." शिकली म्हणजे बाजूला उभी राहून बघितलं, एवढंच. उद्या कोणाचा डोळा गेला, तर साहेब तेच वाक्य पोलिसांपुढे म्हणतील.

घरातली गोष्ट घरात राहू दे म्हणालीस. माझा गाल घरातला, कबूल. पण त्या क्लिनिकच्या बाकड्यावर बसलेल्या पोरींचे गाल कोणाच्या घरातले?

सोमवारी मी पुन्हा त्या कार्यालयात जाते आहे. या वेळी नीट सांगणार. मशीन दीक्षानं चालवली, ती बी. कॉम. झालेली आहे, डॉक्टर नाही, आणि तिला कोट साहेबांनी घालायला लावला. ती सोबत आली, आपल्या तोंडानं बोलली, तर साहेबांना सगळं तिच्यावर ढकलता येणार नाही. ती तयार आहे, फक्त तुझ्या शब्दाला अडली आहे. माझ्यावर रागाव, हवं तर बोलू नकोस, पण तिला अडवू नकोस.

ती नाही आली तरी मी जाणारच. तुझ्या पोरीचं नाव मी घेतलं, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आधी तुला लिहिलं.

तू तोडलंस तरी न तुटणारी,
तुझी ताई
कांता