वहीतली चौतिसावी नोंद

बाबा, तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही वाचनालयाच्या चिटणीसांनी मला आणून दिली त्याला सहा महिने होऊन गेले. वाचनालयाला पंचवीस वर्षं होत आहेत, तेव्हा वही नीट लिहून काढून तिच्या प्रती सायक्लोस्टाइल कराव्या, असं समितीचं ठरलं. "बाबांचं काम, अन् तुमचं अक्षर ड्रॉइंग ऑफिसातलं, मंग दुसऱ्या कोणाले देऊ?" असं ते म्हणाले. मला नाही म्हणता आलं असतं. पाटबंधारे खात्यात सध्या कालव्याचे नकाशे ट्रेस करायचं काम एवढं आहे की संध्याकाळी सायकलवर बसल्यावर रस्त्याच्या कडाही मला शाईच्या रेघांसारख्या दिसतात. पण वही घेतली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमचं अक्षर एवढं सलग कधी पाहिलं नव्हतं.

तुम्हाला सांगायला नको, पण मला क्रमाने लिहायची सवय आहे. ज्या लेखकाच्या कल्पित मुलुखावर आपलं अर्धं वाचनालय जीव टाकत असे, त्याच्या कादंबरीचे सात खंड झाले आणि आठवा लिहायच्या आत तो गेला. त्यानंतर लोक तुमच्या, ग्रंथपालाच्या, टेबलाशी येऊन विचारू लागले, आता पुढे काय? त्यांच्यासाठी ही वही. मुलुखाबद्दल आणखी कुठे काय वाचायला मिळेल: लेखकाचं कुठल्याशा संमेलनातलं भाषण, एका साप्ताहिकातली मुलाखत, तिथल्या नद्यांच्या नावांवर एका प्राध्यापकाचा लेख, ज्या जुन्या प्रवासवर्णनांवरून त्याने तिथले घाट आणि वाळवंटं उचलली असावीत ती पुस्तकं. प्रत्येक नोंदीला अंक, पान, मिळण्याचं ठिकाण. आणि समासात बारीक अक्षरात, ती कोणासाठी शोधली ते. पोस्टमास्तरांसाठी. कॉलेजच्या दोघी मुलींसाठी. खाप्याच्या बाईंसाठी.

मी ठरवलं की प्रत्येक नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायची नाही. हे तुम्हीच शिकवलंत. अजून डोळ्यांसमोर आहे: मी दहा वर्षांची आहे, शाळा सुटल्यावर तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पुस्तकांची कार्डं लिहिते आहे. एका पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं आहे, साल दिसत नाही. मी शेजारच्या कार्डावरचं साल टाकून देते. तुम्ही कार्ड हातात घेता, चष्मा वर करता.

"हे साल तू पाह्यलं का?"

"नाही."

"मंग लिहिलं काहून?"

"रिकामं वाईट दिसत होतं."

"दिसू दे ना वाईट. रिकामं खोटं तं नाही बोलत." आणि तुम्ही वाचकांसमोर कार्डाचे चार तुकडे केलेत. त्या संध्याकाळी तुम्ही झुणका केला होता. आई गेल्यापासून वाचनालयामागच्या आपल्या खोलीत स्टोव्हवर तुम्ही बहुतेक झुणकाच करायचात, आणि मी जेवल्याशिवाय स्वतः बसायचा नाहीत. मी जेवले, आणि ते कार्ड साल रिकामं ठेवून पुन्हा लिहिलं. पुढे आयटीआयमध्ये, मग ऑफिसात, मोजलेलं नसेल तिथे मी रेघ ओढली नाही. वरिष्ठ म्हणतात, ही बाई फार अडते. अडते.

तर सहा महिने माझे रविवार असे गेले. सीताबर्डीवरची दोन वाचनालयं, इतवारीतली रद्दीची दुकानं, पारशिवनीला एका निवृत्त गुरुजींकडे बांधून ठेवलेली मासिकं. गुरुजींनी प्रत्येक गठ्ठा स्वतः सोडला, स्वतः बांधला आणि मधल्या वेळात तीनदा विचारलं, "लग्न झालं का, बाई?" नोंदी मात्र बरोबर निघत गेल्या. पानासकट. एका ठिकाणी तुम्ही छपाईतली चूकही टिपली होती. मला बरं वाटत होतं, हे मान्य करते.

चौतिसावी नोंद अडली. एका मासिकाचा दिवाळी अंक, त्यात लेखकाचं टिपण: आठव्या खंडाचा शेवट काय असणार होता. समासात, खाप्याच्या बाईंसाठी. सगळ्या वहीत याहून मोठी नोंद नाही, कारण प्रत्येक वाचकाला हवं होतं ते हेच. चिटणीसांनी तर आधीच चार जणांना सांगून ठेवलं होतं की शेवट मिळणार. तो अंक कुठेच मिळेना. शेवटी कळलं की बंद पडलेल्या त्या मासिकाचे उरलेले गठ्ठे नागपूरबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडले आहेत. तिथला म्हातारा कारकून पूर्वी त्याच मासिकात होता. त्याने चहा मागवला, साल ऐकलं आणि मान हलवली.

"त्या साली दिवाळी अंक निघालाच नाही, मॅडम. कागदच नव्हता भेटला. मीच लोकायले पोस्टकार्डं लिहिली होती, माफ करा म्हणून."

"एखादा छोटा अंक?"

"अहो, छोटा ना मोठा. निघालाच नाही तं काय दाखवू तुम्हाले?"

बाहेर ट्रक मागे घेत होते, धूळ उडत होती. मी चहा संपवला. तुम्ही नसलेल्या अंकाचा पान क्रमांकही दिला होता, बाबा. एकशे बारा. मला फार थकल्यासारखं झालं. मग असंही वाटलं की बाकीच्या नोंदींचं तरी काय, आणि माझं तरी काय. तुम्ही फाडलेल्या एका कार्डावर मी माझा सगळा स्वभाव उभा केला होता.

पुढच्या रविवारी एसटीने खाप्याला गेले. बाई सापडायला वेळ लागला नाही. तुम्ही समासात आळीचं नावही लिहिलं होतं. त्या तुमच्याच वयाच्या असाव्यात. ओसरीत बसून सूत उकलत होत्या. नागपूरला असताना त्या हातमागावर बसत, अक्षरं जेमतेम लागत, म्हणून दुपारी वाचनालय रिकामं असताना तुम्ही त्यांना खंड वाचून दाखवायचात. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळेत असणार.

मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बापासारखीच वाळकी आहेस वं. जेवली का?"

मी कामाचं विचारलं. तो अंक तुम्ही पाहिला होता का?

"पाह्यला ना. माग बंद झाला, अन् मी इकडे भावाकडे याले निघाली. तुह्या बाबाले म्हटलं, शेवट आयकल्याबिगर मी काही नागपूर सोडत नाही, तुम्ही आणा कुठूनबी. चार दिवसांनी म्हणे, भेटला. अन् वाचून दाखवला. मी म्हटलं, लिहून ठेवा कुठून आणला ते, नाहीतं माही भावजय म्हणन, हे मनानंच सांगून राहिली."

"बाई, तो अंक निघालाच नव्हता."

त्यांचं सूत थांबलं नाही. "माहीत आहे मले."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले काहून पाहिजे? सात पुस्तकं आयकली मी. लढाया आहेत, नद्या आहेत, जादूचे दगड आहेत. कोणी जेवते का त्याच्यात? सात पुस्तकात एक माणूस घास खात नाही. अन् तुह्या बाबाच्या शेवटात राणी लढाई जिंकून येते, अन् पयले काय करते? चुलीपाशी बसते. सैनिकायले झुणका-भाकर वाढते. म्हणते, तुम्ही खाल्ल्याबिगर मी नाही खात." त्या हसल्या. "मी काही बोलली नाही. बिचारा हातात जुनाच कुठला अंक धरून पानं पलटवून राहिला होता. घाम आला होता त्याले."

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

"खोडशीन का आता?" त्यांनी विचारलं.

"खोटी नोंद आहे."

"हो, खोटी तं आहे. पण वाईट नोको लिहू त्याच्याबद्दल." मग आत आवाज दिला, "अवं, पाहुणीले ताट कर." मी जेवले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून चौतिसावी नोंद पुन्हा एकदा वाचली.

नोंद मी खोडली. प्रती झाल्या आहेत, बाकीच्या सगळ्या नोंदी पाहून झाल्या आहेत आणि चौतीस हा आकडा यादीत नाही. चिटणीस नाराज आहेत. त्या चार जणांना आता काय सांगायचं म्हणतात. "अंक निघाला नव्हता, एवढंच सांगा," असं मी म्हटलं. कोणी लिहिलं, काहून लिहिलं, ते मी सांगितलं नाही. एक प्रत मात्र खाप्याला पाठवली. तिच्यात शेवटी हाताने, ड्रॉइंगच्या शाईने एक नोंद लिहिली: आठव्या खंडाचा शेवट, ग्रंथपालांनी सांगितलेला, खाप्याच्या बाईंनी ऐकलेला. यात एकही शब्द चुकीचा नाही. तपासून पाहिला.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, ते वहीतच राहील. पण एक गोष्ट बाईंनाही सांगितली नाही आणि चिटणीसांनाही. त्या मुलुखात कोणी जेवत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण कसं येणार? ते सात खंड मी वाचलेलेच नाहीत, बाबा. तुम्ही दुपारभर त्यांच्यात असायचात, म्हणून लहानपणी हात लावला नाही, आणि नंतर राहूनच गेलं. परवा पहिला खंड घरी आणला. एकेचाळीस पानं झाली. अजून तरी मला आवडलेला नाही.