पिवळ्या हातांतला प्याला

बाबा, चर्चमधल्या उद्याच्या उपासनेतली प्रार्थना माझ्याकडे आली आहे. सीमेवर पुन्हा लढाई सुरू आहे आणि आपल्याच गल्लीतला एक मुलगा गेल्या आठवड्यात तिरंग्यात गुंडाळून घरी आला. त्याची आई उद्या पुढच्या बाकावर असेल. तुम्ही उभे राहायचात तिथेच मी उभी राहणार. तुम्ही त्या जागेवरून जे बोललात ते माझ्याच्याने बोलवेल का, हे मला दुपारपासून ठरवता आलेलं नाही.

बांगलादेशच्या लढाईचे दिवस होते. मी शाळेत होते. रांझीच्या क्वार्टरमधून तुम्ही आणि काका सायकलींवर दारूगोळ्याच्या कारखान्याला निघायचात. काका म्हणजे तुमचे दोस्त, आपल्याच चर्चच्या मंडळीतले. त्यांचा मोठा मुलगा फौजेत होता. तुम्ही दोघंही तोफगोळ्यांत दारू भरायच्या खात्यात. त्या भुकटीने तळहात पिवळे व्हायचे आणि कशानेही निघायचे नाहीत. आई ताट वाढताना म्हणायची, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमची हळद काही उतरून नाही राहिली." आत जाण्याआधी काडेपेटी, विडी, किल्ल्या, सगळं दारापाशी काढून ठेवावं लागे, आणि जोडीदाराने जोडीदाराची झडती घ्यायची. एका ठिणगीने सगळेच गेले असते. काका तुमचे खिसे चाचपताना रोज तेच म्हणायचे, "भैया, पाप असेल तर तेही इथेच काढून ठेव." घरी येऊन हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं होतं, की आम्ही तुमच्याआधीच वाक्य पुरं करायचो.

तो रविवार मला अजून दिसतो. मी आईजवळ बायकांच्या बाजूला बसले आहे. पाळकसाहेबांनी विजयासाठी प्रार्थना केली आहे, आणि मग मंडळीचे पंच म्हणून तुम्हाला उभं केलं आहे. तुम्ही आपल्या जवानांसाठी मागता, काकांच्या मुलाचं नाव घेता. आणि म्हणता, "प्रभू, मी भरलेला गोळा ज्या घरावर पडेल, त्या घरातल्या आईला सांभाळ." कुणीच आमेन म्हणत नाही. आईने माझं मनगट धरलं आहे. त्यानंतर प्रभुभोजन. आपल्याकडे पंच द्राक्षरसाचा प्याला घेऊन बाकांपाशी जात. तुम्ही काकांसमोर आलात. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं नाही, तुमच्या बोटांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "आगे बढ़." तुम्ही पुढे गेलात.

बाहेर पाळकसाहेब तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं म्हणणं खोटं नाही हो. पण ही वेळ नाही. लोक आधीच आपल्याला बाहेरचे समजतात." घरी आईने पोळी तव्यावरच जळू दिली. "प्रार्थनेत त्यांच्या आया अन् कारखान्यात त्यांच्यासाठीच गोळे! काहून जाता मग तिथे? देवाने काय समजायचं?" तुम्ही म्हणालात, "तेच तर त्याला विचारून राहिलो." तेव्हा मला ते उत्तर पळपुटं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. पण पूर्ण बरोबर वाटतं असंही नाही. तुम्ही नोकरी सोडली नाहीत. आम्ही त्याच हातांचं खात होतो. तुम्हाला त्या नोकरीतून आणि त्या प्रार्थनेतून सुटका नको होती, की मिळत नव्हती, हे मला विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काका झडतीला दुसऱ्याच्या पुढे उभे राहू लागले. आणि थोड्याच दिवसांत तार आली, त्यांचा मुलगा गेल्याची. लोक भेटून गेले. तुम्ही मात्र रोज पाळी सुटली की त्यांच्याकडे जायचात. घरात कुणी घेत नव्हतं. तुम्ही अंगणातल्या बादल्या उचलायचात, कोपऱ्यावरच्या नळावरून भरून आणायचात, पायरीवर ठेवायचात. मला एकदा पिशवी देऊन बरोबर नेलं होतं. काका दारात आले. "काहून येतोस रे? त्यांच्या आयांकडे जा ना." तुम्ही बादली खाली ठेवून म्हणालात, "तिथवर पोचत नाही रे मी. इथवर पोचतो." त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा गेलात. मंडळीने तुमच्याकडची प्रार्थना काढून घेतली, प्यालाही. तब्येतीचं कारण दिलं.

तब्येत खरंच गेली, नंतर. डोळेही पिवळे झाले. तुम्हाला शेवटची आंघोळ घालायला पुरुष जमले तेव्हा काका न बोलावता आले आणि सरळ तुमच्या हातांपाशी बसले. साबण लावून तळहात चोळत राहिले. कुणीतरी म्हणालं, पुरे झालं. काका म्हणाले, "निघून नाही राहिलं, भैया." ते तुम्हालाच म्हणाले. आणि चोळतच राहिले.

प्रभूचं शुभवर्तमान म्हणजे काय, हे मी पुष्कळदा प्रवचनांतून ऐकलं. कॉलेजात शिकवणारी म्हणून तरुण संघात स्वतःही सांगितलं. पण मी त्याचा अर्थ शोधायला जाते तेव्हा मला ती बादली दिसते आणि तो साबण. दोन्हींनी काही सुधारलं नाही. मुलगा परत आला नाही, रंग गेला नाही.

उद्यासाठी मी लिहिलं आहे, "सर्व दुःखितांना सांत्वन दे." त्यात सगळेच बसतात, म्हणून कुणीच उठून जाणार नाही. तुमचं वाक्य मी खाली लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तुमच्या प्रार्थनेत तुमचे स्वतःचे हात होते. माझ्या हाताला काय लागलं आहे? खडू. मी ते बोलले तर विश्वासाने बोलेन, की तुमची मुलगी शोभावी म्हणून, हेही मला ठाऊक नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या मुलाच्या आईचं घर आपल्यापासून चार दारांवर आहे. तिच्यासमोर काय बोलावं याचा मी आठवडाभर विचार करते आहे, बाबा. तिच्याकडे मात्र मी अजून गेलेली नाही.