पाकिटाची रिकामी चौकट

एग्मोर, मद्रास
१२ ऑगस्ट १९५९

प्रिय अलकाताई,

तू गुरुमूर्तींशी लग्न केलंस त्याला दोन वर्षं झाली. घरात बाबांसमोर तुझं नाव घ्यायची अजून सोय नाही, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

तुला एक पत्र मी शाळेत इंग्रजीतून लिहिलं. विशालाक्षी टीचरनी 'दूर राहणाऱ्या बहिणीस पत्र' असा विषय दिला होता. बाकीच्या मुलींनी खोट्या बहिणी रचल्या. मी लिहिलं, आई अजून तुझं ताट घासून ठेवते. टीचरनी शेरा दिला, कल्पनाशक्ती चांगली! दहापैकी नऊ. खाली पाकिटाची चौकट काढून पत्ता लिहायचा असतो, ती मी रिकामी सोडली म्हणून एक मार्क कापला. तुझा पत्ता मला कुठे ठाऊक होता?

वहीवर वडिलांची सही लागते. बाबा रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी पत्रंच लिहितात, त्यांच्यापासून काय लपणार? वाटलं, वही फाडतील. त्यांनी दोनदा वाचलं, सही केली आणि त्या चौकटीत ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहिलं: सतरा, लिंगी चेट्टी स्ट्रीट, जॉर्ज टाउन, मागचा जिना, वरची खोली, हिरवं दार.

ताई, पोस्टमनला दाराचा रंग लागत नाही. बाबा तिथवर येऊन गेलेत. तू कडी काढली नाहीस, की त्यांनी ती वाजवलीच नाही?

तुझी,
इंदू