सगळ्या मजेत

कुकटपल्ली, १० फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रियास तुझ्या आत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. आमच्याकडे फोनवर बोललं की अख्खं घर ऐकतं. पत्राला भीती नाही. माझ्या लेकाला, विकासला, मोडी काय न् मराठी काय, दोन्ही सारखंच, एक अक्षर वाचता येत नाही.

तुमच्या ऑफिसने आमच्या भागाचा दहा वर्षांचा आरोग्य आराखडा केलाय ना, त्याचा कच्चा कागद कम्युनिटी हॉलच्या भिंतीवर लागला. तेलुगूत आहे, म्हणून सूनबाईने, भाग्यलक्ष्मीने, वाचून दाखवला. साठीपुढच्या बायकांची तब्येत म्हणे समाधानकारक! शेजारची तारामती एवढी हसली की तिला दम लागला आणि पायरीवर बसावं लागलं. इतकी ती समाधानकारक.

पुढचं ऐकून मात्र हसू गेलं. आम्ही सगळ्या धडधाकट, म्हणून हॉलमागच्या खोलीत सोमवार-गुरुवार बसणारी डॉक्टरीण बंद, आणि तिथं व्यायामाची यंत्रं. दुसरा दवाखाना हायवेच्या पलीकडे. तो रस्ता ओलांडायचा तर आम्हाला पंख शिवून पाठव.

अगं, तुमची टॅबवाली पोरगी पाहणीला आली तेव्हा सोफ्यावर विकास, शेजारी सून चहा घेऊन. आणि ही विचारते, आजी, काही त्रास? लेकासुनेच्या तोंडावर त्रास आहे म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. घरोघरी हेच. सगळ्यांनी मजेत म्हणून सांगितलं आणि तुम्ही ते खरं धरलंत. एवढी शिकलीस, पण सासू काही झाली नाहीस.

माया आहेच, कमी पडली तर मागून घे.
तुझी त्रिवेणीआत्या


तारनाका, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईस, सा. न. वि. वि.

मराठी लिहायला दोन तास लागले, हसू नको. पाकिटावर गं. भा. लिहिलं नाही. बाबा म्हणाले, तू ते वाचलं की पोस्टमनवर चिडतेस.

पत्र वाचून मी फार परेशान आहे. ते पान मीच लिहिलंय. इतकी घरं, आणि एक पण म्हातारी आजारी नाही. मला शंका यायला पाहिजे होती. मी उलट खूश झाले.

४ मार्चला तुमच्या हॉलमध्ये सुनावणी आहे. त्यानंतर आराखडा पक्का, मग दहा वर्षं कोणी हात लावत नाही. साहेब म्हणतात, ऐकलेलं चालणार नाही, लिहिलेलं दाखवा. मुलींना परत पाठवलं तर परत मजेतच ऐकून येतील. तूच सांग, तुम्ही बायका खरं बोलता तरी कुठे?

तुझ्या टोमण्यांची सवय झालीय, बंद करू नको.
तुझी सुप्रिया


कुकटपल्ली, २२ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रियास आशीर्वाद, आणि दोन तास घालवल्याबद्दल शाबासकी.

खरं बोलतो आम्ही गच्चीवर. वर्षाची चिंच फोडायचे दिवस आहेत. बोटं चिंचेत अडकली की तोंड सुटतं, आणि ऊन लागतं म्हणून सुना वर येत नाहीत. मी सोळा जणींना आपापली चिंच घेऊन बोलावलं, माझ्यासकट सतरा. नाव कुणाचं लिहिणार नाही, नुसतं वय आणि दुखणं, असं कबूल केलं. तरी पहिल्या फेरीत सगळ्या मजेत! नवरा समोर नाही, लेक समोर नाही, तरी चिंचेसमोरसुद्धा मजेत. मग तारामतीने दम लागतो ते सांगितलं, आणि बांध फुटला बघ.

एकीचे गुडघे वाकत नाहीत, रात्री संडासला उठायला नको म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नाही. एक नवऱ्याची बीपीची गोळी अर्धी मोडून घेते. एकीला दिसत नाही, भाजी वासावर शिजवते. आणि एकीला काहीच झालेलं नाही, पण ती दर सोमवारी डॉक्टरणीकडे जाते. का, तर ती नाव घेऊन हाक मारते. घरात तिला अम्मा, आजी, अहो ऐका, एवढंच.

सगळं वहीच्या पानावर उतरवून सोबत घातलंय. अक्षराला नावं ठेवलीस तर याद राख. आमच्या खेड्यात शाळा चौथीलाच संपायची.

जीव लावून राहा.
आत्या


तारनाका, २६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईस, सा. न. वि. वि.

तुझं पान साहेबांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून. ते सुनावणीत ठेवायला तयार आहेत.

पण आत्या, सतरा जणी बसलात आणि कागदावर सोळा आहेत. मी तीनदा मोजले. वय अडुसष्ट त्यात नाही. मी सोळाच देऊ?

प्रेमात काटछाट नको.
सुप्रिया


कुकटपल्ली, ५ मार्च २०२५

चि. सुप्रियास आशीर्वाद.

काल हॉलमध्ये मी उभी राहून चप्पल काढली, मोजा काढला, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साहेबांनी बिचाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

तळव्याला दोन महिने जखम आहे, दुखत नाही म्हणून गप्प होते. तुझ्या मामांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, पाय साखरेने असाच न दुखता सडला आणि ते गेले. मला सगळं माहीत होतं गं. पण सांगितलं की जिना बंद, गच्ची बंद, ही भीती. डॉक्टरणीची खोली राहिली, पुढच्या वेळी बायकांना एकेकटं विचारणार असंही लिहून घेतलं, ते तू ऐकलंसच. घरी काय झालं ते तुला माहीत नाही.

भाग्यलक्ष्मी हॉलमध्ये मागच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर कोमट पाणी आणलं, माझा पाय मांडीवर घेतला. मी शिव्या खायला तयार बसले, तर ती रडायला लागली. म्हणाली, त्या टॅबवाल्या पोरीने तिलाही विचारलं होतं, आणि तिनेही मजेत म्हणून सांगितलं होतं, कारण समोर मी बसले होते. तिचे हात बधिर होतात, भांडी सुटतात. सहा महिने मी तिला आदळआपट करते म्हणून टोचतेय.

उद्या गुरुवार. दोघी जातोय. आधी तिचा नंबर, आणि ती आत असेल तेव्हा मी दाराबाहेर थांबणार आहे. मी आत गेले तर पुन्हा मजेत म्हणेल.

ये एकदा, भेटीची भूक पत्राने भागत नाही.
तुझी आत्या