एका दाराला एक ओळ

४ जून

आलो बाई एकदाचे! आई, मी, दोन बॅगा, चाकांची खुर्ची आणि औषधांची भलीमोठी पिशवी. कंपनीने दिलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट इतकी ऐसपैस की आईची खुर्ची आत वळवूनही जागा उरली. दोन खोल्या, भरपूर उजेड, नळाला पाणी. आईने आतल्या खोलीत खिडकीशी पलंग लावून घेतला आणि जाहीर केलं की आता इथून ती जाईल ती थेट वरच. मी ओरडले, ती हसली. आमचं हे रोजचंच आहे.

दारालगत भिंतीत एक पांढरी पेटी आहे. वसाहतीतल्या प्रत्येक दाराला आहे म्हणे. दिवे, पाणी, धूर, सगळ्याची खबर ती मुख्य यंत्राला देते. समोरच्या घरात कंपनीचा वायरमन आणि त्याची बायको राहतात. टीव्हीच्या आवाजावरून दोघांची जुंपलेली होती. वहिनी भांडण तसंच सोडून आम्हाला चहा देऊन गेल्या आणि परत जाऊन होतं तिथून पुढे सुरू झाल्या. शेजार चांगला मिळाला.

७ जून

काम समजलं. मुख्य यंत्र थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक पेटीला विचारतं, काय चाललंय? पेटी उत्तर देते. विचारायचं काय आणि आलेलं उत्तर कुठल्या तक्त्यात, कुठल्या रकान्यात ठेवायचं, याचा आराखडा मी करायचा. ऐकायला सोपं, करताना नाकी नऊ. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक किल्ली लागते, म्हणजे ही ओळ कुणाची ते ओळखायची खूण. दोघांची किल्ली एकच निघाली तर नंतर आलेला आधीच्याला पुसून त्याच ओळीत बसतो.

आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात, कारण लाल पेन्सिल हातातून सुटत नाही. त्यांनी आल्या आल्या दोन नियम पाठ करून घेतले. तक्ता एकदा जाहीर झाला की त्याची किल्ली बदलायची नाही, कारण सगळी यंत्रं त्याच्याच भरवशावर चालतात. चुकलंच तर रीतसर नवा तक्ता काढायचा. आणि दुसरा, जे तक्त्यात नाही ते यंत्राच्या लेखी नाहीच. मग माझ्या झोपेचा तक्ता कुणी केलेला दिसत नाही, असं म्हणणार होते, पण नवीन नोकरी आहे, जीभ आवरली.

१८ जून

आईला ताप आहे. आठवडा झाला. आता बसवलं तर बसवत नाही, मान टाकते. औषध, कूस बदलणं, चादर बदलणं, मग ऑफिस, मग परत तेच. दादा फोनवरून सल्ले देतो. लांबून सगळ्यांना सगळं सोपं दिसतं.

आज ‘घरात कोण’ हा तक्ता जाहीर झाला. आग लागली तर आत कोण अडकलंय ते कळावं म्हणून. प्रत्येकाला एक बिल्ला दिलाय. पेटीने विचारलं की तो आपोआप उत्तर देतो. अंथरुणावरच्या माणसाला गळ्यात घालायचं बटण. ते त्याच माणसाच्या बोटाने दाबलं तरच उत्तर जातं. आईला बटण मिळालंय. तक्ता नव्याने मांडायची ताकद नव्हती. दारावरच्या दिव्यांचा जुना तक्ता उचलला, मथळे बदलले आणि दिला. मास्तरांनी न वाचता सही केली. म्हणाले, तुझ्या कामात माझ्या पेन्सिलीची उपासमार होते.

समोरच्या रांगेतल्या पेट्यांना तो आजच गेला. आमच्या रांगेचा नंबर शनिवारी.

२० जून

स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून वायरमनला बोलावलं. सहज विचारलं, वहिनी दिसल्या नाहीत दोन दिवस, माहेरी गेल्या का? तो म्हणाला, कोण वहिनी? मला वाटलं, जोरात भांडण झालेलं दिसतंय. त्याने सांगितलं, ताई, माझं लग्नच झालेलं नाही, बघा एखादी मुलगी असली तर. तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

त्याचं दार उघडंच होतं. टीव्ही मोठ्याने चालू होता. घरात शिरताच त्याने आवाज कमी केला आणि आतल्या दाराकडे बघत उभा राहिला, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग त्याचा त्यालाच अर्थ लागेना, म्हणून आवाज परत वाढवला.

२१ जून

काल पाठ टेकली तरी डोळा लागला नाही. सकाळी ऑफिसला जाऊन तक्ता उघडला आणि बघितलं.

दिव्याची किल्ली दाराचा क्रमांक. एका दाराला एक दिवा, म्हणून एक ओळ. मी माणसांनाही तीच किल्ली दिली. एका दाराला एक माणूस. ज्याचं उत्तर शेवटी आलं तो राहिला.

समोरच्या रांगेत रोज संध्याकाळी पोरांचा धुडगूस असायचा. काल नव्हता. आमच्या ऑफिसच्या दारावरची बाई त्याच रांगेत राहते, आठवड्यापूर्वी जुळ्यांनी जीव खाल्ला म्हणून कुरकुरत होती. आज तिला विचारलं. म्हणाली, कुठली जुळी? मला अजून आठवतंय ते बहुधा आमच्या पेटीला तो तक्ता गेलेला नाही म्हणून.

मास्तरांकडे धावले. तक्ता मागे घ्या म्हटलं. त्यांनी शांतपणे पहिला नियम ऐकवला. नवा तक्ता महिन्याभरात काढू म्हणाले. मी माणसं नाहीशी होताहेत म्हटल्यावर त्यांनी नोंदी चाळल्या. म्हणाले, सगळ्या पेट्या नीट चालल्यात. तक्रार एकही नाही.

कोण करणार तक्रार!

२२ जून

आईला दादाकडे हलवायचं. झोपवून नेणारी गाडी मिळतेय ती सोमवारची. आमच्या पेटीला तक्ता उद्याच जाणार. खुर्चीत बसवून न्यायला बघितलं. दारापर्यंतही नाही — तिचे डोळे फिरले, ओठ पांढरे पडले. परत पलंगावर.

पेटीची वायर तोडून बघितली. वायरमन पळत आला, जोडून गेला. त्याला दटावून सांगितलं, त्याने मलाच चार शब्द सुनावले. बरोबर आहे त्याचं. त्याचं काही गेलेलंच नाही.

हे सगळं माझ्या हाताने — माझ्या हाताने झालंय.

२३ जून, सकाळ

रांगेच्या त्या टोकापासून सुरुवात झाली. पेटीवरचा दिवा हिरवा झाला की ते घर झालं.

आईला सगळं सांगितलं. मी बिल्ला गच्चीवरून फेकते, तू बटण दाब. ओळ तुझी. पण मग तिला पाणी कोण — कूस कोण बदलणार — मी नसले तर ती चार दिवसही —

ती ऐकत होती. म्हणाली, एवढी शिकलीस, आणि एका दारात दोन माणसं मावतात हे नाही का गं शिकवलं कुणी? आणि हसली. मग म्हणाली, झोप जरा. किती दिवसांत झोपली नाहीस.

तिने बटण गळ्यातून काढून माझ्या हातावर ठेवलं. मी परत घातलं. तिने काढलं. परत घातलं. परत काढलं.

तिसऱ्यांदा नाही घातलं. हात उचलेना. आणि मनात आलं, की झोप मिळेल. सलग झोप. खोटं कशाला लिहू, आलं मनात —

दुपार

शेजारची पेटी हिरवी झाली.

मी तिला आता दाब म्हणते आहे. तिचं बोट धरून बटणावर — ती मूठ आवळून घेते. केवढी ताकद आहे अजून. आई, दाब ना गं —

लिहून ठेवते. लिहिलं म्हणजे विसरणार नाही. आतल्या खोलीत खिडकीशी माझी आई आहे. भांडता भांडता हसते. मला कधी नावाने हाक मारली नाही, बये म्हणते. आतल्या खोलीत माझी आई आहे. आतल्या खोलीत माझी

आतल्या खोलीत

आतली खोली चांगली आहे. उजेड खूप येतो. एकटीला दोन खोल्या म्हणजे जरा जास्तच. कुणाला तरी राहायला बोलवावं म्हणते. दादाला त्याचा संसार सुटत नाही, आणि बाकी माझं असं